उसवायला लाजू नये

आम्ही दोघी जावा यंदा पहिल्यांदाच क्रोशाची साधी पिशवी विणायला बसलो. सुती दोरा, ४ मिलिमीटरची सुई, ओळीत ४० टाके. बाराव्या ओळीला पिशवी वर निमुळती दिसायला लागली. मोजले तर टाके ३४च! कडेचे शेवटचे टाके सुटत होते. "तुझेच सुटले" म्हणून एकमेकींना लागेल असं बोलूनही झालं.

मग वाटलं, पुढच्या ओळीत सहा वाढवू, कुणाला कळतंय? पण तशाने कड सरळ होत नाही, फुगते. शेवटी उसवलं. आठवड्याचं काम पाच मिनिटांत गेलं, पण दोरा सगळा हातात परत आला.

बोललेलं मात्र असं परत येत नाही. मग आपण घरोघरी काय करतो? दुसऱ्या दिवशी जास्त गोड बोलतो, आग्रहाने वाढतो. "माझं चुकलं" तेवढं म्हणत नाही. म्हणजे टाके वाढवणंच की ते! आम्ही दोघींनी ते म्हटलं. जड गेलं. पण उशीर केला असता, तर वर आणखी ओळी चढल्या असत्या.

आता ओळ संपली की टाके मोजतो. दिवस संपताना बोललेलंही मोजू या.