मातृभाषेचा रकाना

शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात 'मातृभाषा' नावाचा एक रकाना असतो. नाव, आईचं नाव, जात, जन्मतारीख यांच्या रांगेत तो अंग चोरून उभा असतो. जन्मतारीख ठाऊक नसली की आमच्या भागातले गुरुजी १ जून नाहीतर १ जुलै टाकून मोकळे व्हायचे. माझीही १ जूनच आहे, आणि त्याच काल्पनिक तारखेच्या हिशेबाने सरकारने मला निवृत्त केलं. मातृभाषेच्या बाबतीत तेवढाही विचार कोणी करत नसे. पहिल्या ओळीत 'मराठी' लिहायचं आणि खाली पानभर 'सदर, सदर, सदर'. यवतमाळ जिल्ह्यात तेहेतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत नोकरी केली. त्यात असे किती 'सदर' माझ्या हातचे आहेत, याची मोजदाद नाही.

मी बंजारा. पुसद आणि दिग्रसच्या मधल्या एका तांड्यावरचा. घरात गोरबोली. आम्ही स्वतःला गोर म्हणतो आणि बाकीच्यांना कोर. फेटिया-काचळी घालणाऱ्या माझ्या दादीला मराठी यायची ती बाजारापुरती, म्हणजे भाव विचारायचा, घासाघीस करायची आणि फसवतोय असं वाटलं तर दुकानदाराचा उद्धार करायचा, एवढी. शाळा तांड्यावर नव्हती. नाल्यापलीकडे गावात होती. पहिल्याच आठवड्यात गुरुजींनी विचारलं, "बाप काय करतो रे?" मी आमच्या बोलीत सांगून टाकलं आणि वाक्याच्या शेवटी आमचा 'छ' आला. वर्ग खदाखदा हसला. गुरुजीही हसले. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, असं मला आजही वाटतं. पण दुसऱ्या दिवसापासून वर्गात माझं नाव 'छ' पडलं. भिंतीवरच्या तक्त्यावर 'छ छत्रीचा' आला की सगळी पोरं वळून माझ्याकडे बघायची. तिसरीत जाईपर्यंत मी तो छ जिभेवरून पार खरवडून काढला होता. घरीही मराठीतच उत्तरं देऊ लागलो. दादी चिडायची आणि म्हणायची, "कोर वेगो!" परका झालास.

बरं, शाळेतली मराठी तरी गावातल्यांची होती का? तीही नव्हती. गावात वऱ्हाडी, पुस्तकात पुण्याची. पाटलाचा पोरगा 'मले' म्हणाला की त्यालाही छडी बसायची. फरक इतकाच की त्याची चूक दुरुस्त व्हायची, माझं हसं व्हायचं. वऱ्हाडी कवितेला संमेलनात टाळ्या मिळतात, शाळेच्या पेपरात मार्क कापले जातात. यवतमाळात दोन साहित्य संमेलनं झाली, १९७३ साली गदिमा अध्यक्ष होते आणि २०१९ साली अरुणा ढेरे. दुसऱ्या संमेलनाच्या मांडवात मी तिन्ही दिवस होतो. गोरबोली कानावर पडली ती चहाच्या टपरीवर.

मराठीने मला काय दिलं हे नाकारणारा मी नाही. डी.एड. दिलं, नोकरी दिली, हा लेख लिहिण्याची ताकद दिली. आमच्या जवळजवळ प्रत्येक तांड्यात वसंतराव नाईकांचा फोटो असतो. गहुलीच्या तांड्यातला मुलगा नागपुरात शिकला, पुसदला वकिली केली आणि १९६३ ते १९७५ अशी सलग अकरा वर्षांहून अधिक काळ मराठी राज्याचा मुख्यमंत्री राहिला. त्या फोटोकडे बोट दाखवून माझा बाप म्हणायचा, मराठी शिकशील तर साहेब होशील. त्यात खोटं काही नव्हतं. मराठी शिकावीच लागणार होती. माझी तक्रार तिच्यासोबत फुकट मिळालेल्या लाजेबद्दल आहे. ती अभ्यासक्रमात नव्हती, तरी आम्ही सगळे तिच्यात पहिल्या वर्गात पास झालो.

आणि मग मी स्वतः गुरुजी झालो.

नव्वदीच्या दशकात माझी बदली झरी जामणीकडच्या एका कोलाम पोडावर, म्हणजे कोलामांच्या वस्तीवर, झाली. टेकडीच्या कुशीत कुडाची घरं, मध्ये चावडी, आणि एका खोलीत चार वर्ग. कोलाम हे महाराष्ट्रातल्या तीन अतिअसुरक्षित आदिम जमातींपैकी एक. कातकरी आणि माडिया गोंड या दुसऱ्या दोन. त्यांची कोलामी द्राविडी कुळातली, तेलुगूच्या नात्यातली. आमची गोरबोली राजस्थानीच्या गोतातली. म्हणजे एका द्राविडी भाषेच्या मुलांना एक राजस्थानी गोताचा मास्तर पुण्याच्या मराठीत शिकवत होता, आणि रजिस्टरात आम्हा सगळ्यांची मातृभाषा मराठी.

एप्रिलमधल्या एका दुपारी पहिलीतला एक मुलगा उठून दाराशी उभा राहिला आणि "ईर, ईर" म्हणू लागला. वऱ्हाडात विहिरीला 'इहीर' म्हणतात. मला वाटलं याला विहिरीवर जायचंय. विहीर उघडी होती, कठडा नव्हता, मागच्याच वर्षी तिच्यात एक बकरी पडली होती. मी डोळे वटारले आणि त्याला खाली बसवलं. तो पुन्हा उठला, मी पुन्हा बसवलं. तिसऱ्यांदा तो उठलाच नाही. सुट्टी झाल्यावर खिचडी शिजवणारी बाई मला म्हणाली, "गुर्जी, पोरगं पानी मांगत होतं." कोलामीत ईर म्हणजे पाणी. माझ्या टेबलाखाली भरलेली घागर होती.

त्या मुलाच्या जागी मला माझा छ दिसला, असं लिहिलं तर वाचायला बरं वाटेल. पण तसं काही झालं नाही. मला राग आला होता, की ही पोरं अजून 'पाणी' शब्द कसा शिकत नाहीत! दाखले देताना मी 'अप्रगत' हा शेरा किती सहज मारत होतो, ते मला बऱ्याच वर्षांनी जाणवलं. दहावीपर्यंत शिकून पोडावर परतलेल्या एका पोराला बसवून मी एक वही केली. ईर म्हणजे पाणी, एल्ला म्हणजे घर, कीस म्हणजे विस्तव. दोनशे पृष्ठांची वही निम्मी भरली. तिच्या जोरावर पहिलीचे पहिले तीन महिने मी अर्धं कोलामीत आणि अर्धं मराठीत ढकलले. उच्चार इतके वाईट की आता पोरं माझ्यावर हसायची. पण वर्गात आवाज होऊ लागला. त्याआधी माझ्या पहिलीच्या वर्गात जी शांतता असायची तिला मी शिस्त समजत होतो, आणि केंद्रप्रमुखही.

मजा अशी की माझी वही ही काही पहिली नव्हतीच. एमेनो नावाच्या भाषातज्ज्ञांनी १९३०च्या दशकात आपल्या शेजारच्या वर्धा भागात कोलामीची टिपणं केली आणि १९५५ साली कॅलिफोर्नियातून त्या भाषेवर आख्खा ग्रंथ काढला. शिवकालाचे इतिहासकार म्हणून आपण ज्यांना ओळखतो त्या सेतुमाधवराव पगडींनी हैदराबाद संस्थानात अधिकारी असताना गोंडी आणि कोलामी या दोन्ही भाषा शिकून त्यांवर काम केलं. म्हणजे कॅलिफोर्नियातल्या ग्रंथालयात कोलामी होती, झरीच्या शाळेत नव्हती. डी.एड.च्या दोन वर्षांत 'गोंडी', 'कोलामी' हे शब्दसुद्धा कोणी उच्चारले नाहीत.

कॅलिफोर्नियाचा विषय निघालाच आहे, तर तिथल्या जपानी कुटुंबांबद्दल थोडं. त्यांच्यात पिढ्यांना नावं आहेत. जपानातून आले ते इस्सेइ, त्यांची अमेरिकेत जन्मलेली मुलं निसेइ, नातवंडं सान्सेइ. पर्ल हार्बरनंतर, १९४२ साली, पश्चिम किनाऱ्यावरच्या सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या माणसांना काटेरी तारांच्या छावण्यांत नेऊन ठेवलं. त्यांतले दोन-तृतीयांश जन्माने अमेरिकन नागरिक होते. छावणीतल्या शाळेत मुलं रोज सकाळी अमेरिकेच्या झेंड्याला वंदन करत. सुटून आल्यावर कितीतरी घरांत आईबापांनी मुलांशी जपानी बोलणंच सोडलं. मुलं शंभर टक्के अमेरिकन दिसावीत, पुन्हा कोणी बोट दाखवू नये, एवढाच त्यांचा हेतू. पुढे शिक्षक-प्राध्यापक झालेल्या नातवंडांनी घरातल्या त्या गप्पपणाबद्दल विचारायला सुरुवात केली. चळवळ झाली, आणि १९८८ साली अमेरिकेने कायदा करून माफी मागितली व हयात असलेल्या प्रत्येकाला वीस हजार डॉलर दिले.

तुलना ताणायची नाही. मला कोणी तारेमागे ठेवलं नाही. पण महाराष्ट्रात बंजारा 'विमुक्त जाती'च्या यादीत येतात, आणि विमुक्त म्हणजे कशातून मुक्त, हे आमच्या नव्या पोरांना सांगावं लागतं. १८७१च्या कायद्याने इंग्रजांनी जमातीच्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या. ३१ ऑगस्ट १९५२ला तो शिक्का निघाला. माफी कोणी मागितली नाही. आमच्या घरातही इस्सेइ, निसेइ, सान्सेइ आहेत. दादी, मी आणि माझी मुलगी. मुलीला गोरबोली समजते. बोलायला लागली की ती मराठीत, आणि घाईत असली की इंग्रजीत उत्तर देते. होळीला तांड्यावर आली की लेंगी गीतं मोबाईलवर रेकॉर्ड करते आणि रात्री मला विचारते, "बाबा, यातल्या तिसऱ्या ओळीचा अर्थ काय?" निम्म्या वेळा मलाही सांगता येत नाही. आता विचारायला दादी नाही.

मोजणीचे घोटाळे वेगळेच. जनगणनेत आमची बोली 'लमाणी/लंबाडी' म्हणून नोंदली जाते आणि हिंदीच्या मथळ्याखाली टाकली जाते. २०११ साली असे ३२ लाखांहून अधिक लोक हिंदीच्या खात्यात जमा झाले. माझ्या दादीला हिंदी कळत नव्हती. पैनगंगा ओलांडून तेलंगणात गेलं की हाच समाज अनुसूचित जमातीत जातो, कर्नाटकात अनुसूचित जातीत, इकडे विमुक्तांत. २०२५ साली जुन्या हैदराबाद संस्थानातल्या नोंदींचा, म्हणजे हैदराबाद गॅझेटचा, विषय निघाल्यावर आमच्या लोकांनी अनुसूचित जमातीच्या सवलतींसाठी मोर्चे काढले आणि आदिवासींनी त्याविरुद्ध काढले. एका मोर्च्यात माझे भाऊबंद होते, दुसऱ्यात माझे विद्यार्थी. घोषणा दोन्हीकडे मराठीत.

त्याच वर्षी महाराष्ट्रात भाषेवरून आणखी एक वादळ उठलं. पहिलीपासून हिंदी शिकवण्याचा आदेश एप्रिलमध्ये निघाला, जूनमध्ये बदलला, आणि जून संपता संपता मागे घ्यावा लागला. विरोधातले लेख मी मन लावून वाचले. सहा वर्षांच्या मुलावर परक्या भाषेचा बोजा टाकू नका, मूल आपल्या भाषेत विचार करतं, पाया मातृभाषेतच पक्का होतो. यातल्या शब्दाशब्दाला मी मान डोलावली. मग मनात आलं, या लेखांत 'हिंदी'च्या जागी 'मराठी' आणि 'मराठी'च्या जागी 'कोलामी' घालून पाहावं. एकही वाक्य कोसळत नाही. आणि असं असूनही, पोडावरच्या मुलासाठी असा एक लेख माझ्या वाचनात आला नाही. मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा मीही पेढे वाटले होते, म्हणून हे घरातलाच माणूस या नात्याने बोलतो आहे.

कायदा आपल्या बाजूने आहे, निदान कागदावर. राज्यघटनेचं कलम ३५० क भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय करायला सांगतं. २००९चा शिक्षण हक्क कायदा 'शक्य असेल तेथवर' अशी पळवाट ठेवून तेच सांगतो, आणि २०२०चं शैक्षणिक धोरणही. गडचिरोलीत मोहगावच्या ग्रामसभेने हे खरं मानलं आणि २०१९ साली गोंडीतून शिकवणारी शाळा सुरू केली. शिक्षण खात्याच्या लेखी ती अनधिकृत ठरली.

या सगळ्यावरचा खरा आक्षेप मात्र मला कोणा अधिकाऱ्याने नाही, पोडावरच्या एका बापाने घेतला. माझी वही पाहून तो म्हणाला, "कोलामी त आमच्या पोराईले येतेच, गुर्जी. तुमी मराठी शिकवा." त्याच्या जागी माझा बाप असता तर तोही हेच म्हणाला असता. या माणसाला तलाठ्याकडे, दवाखान्यात, बँकेत मराठी न आल्यामुळे काय सोसावं लागलं हे मला माहीत आहे; आणि त्याला भाषावैविध्यावर व्याख्यान देण्याइतका मी निर्लज्ज नाही. त्याचं म्हणणं मला शंभर टक्के मान्य आहे. मराठी शिकवायचीच. प्रश्न एवढाच आहे की ती कुठून शिकवायची. पाणी मागता येत नसलेल्या पोराला 'पाणी' शिकवण्यासाठी आधी तो काय मागतो आहे हे मास्तरला कळलं पाहिजे. मी त्या बापाला हे आमच्या दोघांच्या मोडक्या वऱ्हाडीत समजावलं. तो हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. त्याने पोरगं शाळेत पाठवणं मात्र बंद केलं नाही.

कोलामी पाठ्यपुस्तकं लगेच छापा, अशी मागणी मी करत नाही. छापली तर ती गोदामात पडतील हेही मला ठाऊक आहे. पोडावरचा, तांड्यावरचा एक दहावी-बारावी झालेला मुलगा किंवा मुलगी पहिली-दुसरीच्या वर्गात मास्तरच्या शेजारी उभी राहिली तरी पुष्कळ होईल. तेवढंही नाही जमलं, तर माझ्या मागून आलेल्या शिक्षकांना एकच विनंती आहे. जूनमध्ये दाखले लिहायला बसाल तेव्हा त्या रकान्यापाशी पेन थांबवा आणि समोर उभ्या असलेल्या आईला विचारा, बाई, घरी कोणती भाषा बोलता? ती जे सांगेल तेच लिहा, पूर्ण लिहा, 'सदर' लिहू नका.