चिठ्ठीचा खालचा अर्धा भाग

खेड्यातल्या आरोग्यसेवेची चर्चा निघाली की बोट आधी गावाकडे वळतं. लोक भगताकडे जातात, बाळंतपण घरी उरकतात, लसीला घाबरतात, दवाखान्यात यायला उशीर करतात. आमच्या प्रशिक्षणांत ‘तीन उशीर’ नावाचा एक पाठ असायचा. घरच्यांनी ठरवायला लागणारा उशीर पहिला, गाडी मिळून दवाखाना गाठेपर्यंतचा दुसरा आणि दवाखान्यात पोहोचल्यावर उपचार सुरू होईपर्यंतचा तिसरा. आरोग्य सहाय्यिका म्हणून मी हा पाठ आशाताईंच्या कितीतरी तुकड्यांना शिकवला. पहिल्या उशिरावर जेवणाच्या सुट्टीपर्यंत चर्चा चालायची. दुसऱ्यासाठी १०८ नंबर आणि जवळच्या जीपवाल्यांचे नंबर वहीत लिहून घ्यायचे. तिसऱ्यापर्यंत येईतो चहा आलेला असायचा. तिसऱ्या उशिराबाबत आशाताईंनी करण्यासारखं काही नाही, असं गृहीतच होतं, आणि ते खरंही होतं. पण मग तो कमी करायचा कुणी, हे कुठल्याच वेळापत्रकात नव्हतं.

माझी बहुतेक नोकरी नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेकडच्या आदिवासी पट्ट्यात गेली. भात, नागली, वरई पिकवणारा हा मुलूख. पावसाळा सरला की निम्मा पाडा दिंडोरी-निफाडकडच्या द्राक्षबागांत मजुरीला. सरकारी निकषाने अशा भागात ३,००० लोकांमागे एक उपकेंद्र आणि २०,००० लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र. सपाटीवर हेच आकडे ५,००० आणि ३०,०००. निकष समंजस आहे. पण डोंगरातली तीन हजार माणसं एका गावात राहत नाहीत. ती पाड्यापाड्यांत विखुरलेली असतात आणि मधे ओहोळ असतात. उपकेंद्राची सिस्टर कितीही कामसू असली तरी आषाढात ती सगळीकडे पोहोचत नाही. तेव्हा पाड्यात कायम राहणारी, रात्री हाक मारली तर दार उघडणारी बाईच आरोग्यसेवेचं पहिलं माणूस असणार, यात वाद नाही. वाद आहे तो तिच्या मागे कोण उभं असतं, याबद्दल.

जामखेडला १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी काम सुरू केलं, तेव्हा त्यांनीही आधी शिकलेल्या नर्सेसना गावांत ठेवून पाहिलं. ते जमलं नाही. मग गावातल्याच बायका निवडल्या. त्यांतल्या बऱ्याच जणी निरक्षर होत्या, बऱ्याच दलित वस्तीतल्या. हा भाग सगळ्यांना ठाऊक असतो, कारण तो ऐकायला छान वाटतो. त्या बायका शिकण्यासाठी पुन्हापुन्हा जामखेडला येत राहायच्या, पाहिलेले रुग्ण सांगायच्या, नवं शिकून परत जायच्या, आणि हे वर्षानुवर्षं चाललं, हा भाग फारसा कुणी सांगत नाही. बाईच्या मागे रुग्णालय होतं आणि त्या रुग्णालयात तिला ओळखणारी माणसं होती. जामखेडचं अनुकरण करणाऱ्या पुष्कळांनी बाई तेवढी उचलली.

सरकारने २ ऑक्टोबर १९७७ला गावोगाव आरोग्यरक्षक नेमायची योजना आणली, महिना ५० रुपये मानधनावर. निवडले गेले ते बहुतेक पुरुष, कारण निवड कुणाच्या हातात होती ते उघड आहे. मी नोकरीला लागले तेव्हा त्यांच्यापैकी काही जण अजून होते. मानधनाची चौकशी करायला केंद्रावर येत, चहा पीत आणि जात. त्यांना रुग्णाबद्दल काही विचारावं असं कुणाच्या मनातही येत नसे.

गडचिरोलीची गोष्ट आणखी बोलकी आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवलं. वजन, तापमान, श्वास, स्तनपान हे तर होतंच. शिवाय बाळाला जंतुदोष झाल्याची लक्षणं ओळखून घरीच जेंटामायसिनचं इंजेक्शन द्यायलाही शिकवलं. तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. डिसेंबर १९९९च्या ‘लॅन्सेट’मध्ये ते छापून आलं. २००५ मध्ये ग्रामीण आरोग्य अभियानातून हजार लोकसंख्येमागे एक आशा आली आणि २०११ मध्ये नवजात बाळांच्या गृहभेटी देशभरातल्या आशांच्या कामात सामील झाल्या. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. घरी झालं असेल तर पहिल्या दिवशीसुद्धा. सगळ्या भेटी पूर्ण केल्या की २५० रुपये.

देशभर गेलेल्या या कार्यक्रमात एक गोष्ट मात्र मागे राहिली. इंजेक्शन आशाच्या हातात आलं नाही. पुढे २०१४ मध्ये बाळाला दवाखान्यात नेणं शक्यच नसेल तर सिस्टरने ते द्यावं, अशी मुभा मिळाली. आशाच्या हातात आली ती चिठ्ठी. धोक्याची लक्षणं ओळख आणि वर पाठव. हा निर्णय चुकला असं मी म्हणणार नाही. देशभरातल्या लाखो जणींच्या हाती सुई देताना सरकारला दहा वेळा विचार करावा लागतो. पण त्याचा अर्थ नीट ध्यानात घेतला गेला नाही. गडचिरोलीत बाळाचा जीव त्या बाईच्या हातावर होता. आपल्याकडे तो तिच्या चिठ्ठीवर आला. म्हणजे चिठ्ठी वाचणाऱ्यावर आला.

एका पाड्यावर सातव्या दिवसाच्या भेटीला मी आशाताईंबरोबर गेले होते. त्यांनी ओट्यावर साबणाने हात धुतले, ते तसेच वाळू दिले आणि चुलीजवळच्या उबेत बसल्या. पिशवीतून झोळीचा काटा, थर्मामीटर आणि सेकंद दाखवणारं घड्याळ काढलं. बाळ आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं. त्याला उठवायच्या आधी त्यांनी हाताच्या पालथ्या बाजूने त्याचं पोट चाचपलं, मग तळपाय. दोन्ही गार. अंगडं वर करून पोटाची हालचाल पाहत पूर्ण एक मिनिट श्वास मोजले. अडुसष्ट. साठ किंवा त्याहून जास्त आले तर पुन्हा मोजायचे, हा नियम. पुन्हा मोजले. सत्तर. आई म्हणाली, काल रात्रीपासून ओढत नाही. आजी म्हणाली, नजर लागली आहे, भगताला बोलावणं धाडलंय. मी असते तर नजरेबद्दल दोन शब्द सुनावले असते. आशाताई म्हणाल्या, “आजी, नजर काढ की. पण गाडीत बसल्यावर काढ.” आजी हसली आणि पोरासाठी गोधडी शोधायला उठली. पहिला उशीर तिथेच संपला.

चिठ्ठीवर त्यांनी लिहिलं: वय ७ दिवस, अंग गार, दूध ओढत नाही, श्वास ७०, दोनदा मोजले. एखाद्या शिकाऊ डॉक्टरने याहून वेगळं काय लिहिलं असतं? गाडी डांबरी सडकेला थांबणार होती, तिथवर सगळे उतरून गेलो. बाळ आईच्या उघड्या छातीशी, वरून गोधडी. दवाखान्यात काउंटरवर चिठ्ठी दिली. समोरच्या माणसाने ती न उलगडता पेपरवेटखाली ठेवली आणि रांगेत उभं राहून केसपेपर काढायला सांगितलं. आशाताईंनी श्वासाचं सांगायला तोंड उघडलं तर उत्तर आलं, “ते डॉक्टर बघतील, तुम्ही बाहेर थांबा.” मी माझं ओळखपत्र दाखवल्यावर चक्रं हलली. बाळ दाखल झालं, बरं होऊन घरी आलं. आणि बाळ वाचलं म्हणूनच ही गोष्ट कुठल्याही अहवालात नाही.

अहवालात नसली तरी पाड्यात मात्र ती होती. आजीने घरोघरी सांगितलं की आमच्या आशाबाईचा कागद तिथं कुणी बघितलाही नाही, दुसऱ्या बाईंनी कार्ड काढलं तेव्हा काम झालं. नंतर त्याच पाड्यात दुसऱ्या एका घरी आशाताईंनी बाळाला न्यायला सांगितलं, तर घरचा माणूस सरळ म्हणाला, तुझ्या चिठ्ठीनं काय होतंय? त्याची गणना आमच्या खात्याने ‘कुटुंबाचा नकार’ या रकान्यात केली. पहिल्या उशिराच्या हिशेबात. हा नकार मुळात काउंटरवर तयार झाला होता, हे दाखवायला रकाना नव्हता.

मला वाटतं, समाजावर आधारलेल्या आरोग्यसेवेतली खरी मेख इथे आहे. आशाला गावाने मानावं म्हणून आपण तिला गणवेश दिला, ओळखपत्र दिलं. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशातल्या आशांचा गौरव केला तेव्हा आमच्याकडे गुलाबाची फुलं वाटली गेली. पण वरच्या पायरीवर तिला काय वागणूक मिळते, हे गाव आपल्या डोळ्यांनी बघत असतं आणि तिची पत त्यावरून ठरवतं. डॉक्टरच जिला बसायला सांगत नाही, तिचं सासूने का ऐकावं?

औषधपेटीचंही तेच. पेटीत ओआरएस, झिंक, पॅरासिटामॉल, लोहाच्या गोळ्या असल्या तर ती काहीतरी देणारी बाई असते; पेटी रिकामी असली की ती फक्त नावं लिहून नेणारी होते. पैशांबद्दल फार लिहीत नाही, कारण त्यावर मोर्चे आणि संप भरपूर झाले आहेत आणि ते रास्त आहेत. एवढंच सांगते की बाळंतीण सव्वा महिन्याच्या आत माहेरी गेली किंवा घरच्यांबरोबर द्राक्षबागेत गेली की सहा भेटींचा फॉर्म अर्धा राहतो आणि फॉर्म अर्धा म्हणजे मोबदल्याची रखडपट्टी. आमच्या पट्ट्यात बायका माहेरी जातात आणि माणसं मजुरीला जातात, हे सहा भेटींचं कोष्टक आखणाऱ्याला कुणी सांगितलं नसावं.

मग एका आरोग्य केंद्रावर एक वैद्यकीय अधिकारी बदलून आले. तरुण, बोलायला थोडे तुटक. त्यांनी कुठलाही उपक्रम जाहीर केला नाही, फलक लावला नाही. आशा रुग्ण घेऊन आली की तिला रुग्णाबरोबरच आत बोलवायचे आणि घरच्यांच्या देखत विचारायचे, “ताई, तुम्ही काय पाहिलंत?” ती सांगेपर्यंत स्टेथोस्कोप उचलायचे नाहीत. आमच्याकडच्या चिठ्ठीला दोन भाग होते. वरचा पाठवणाऱ्याने भरायचा. खालचा तपासणाऱ्याने भरून परत द्यायचा, म्हणजे निदान काय, उपचार कोणते, घरी कशावर लक्ष ठेवायचं. त्या खालच्या भागावर शाई पडलेली मी तोवर पाहिली नव्हती. हे गृहस्थ तो भरायचे, आणि डॉक्टरी अक्षरात नव्हे, वाचता येईल असा.

मासिक सभा म्हणजे एरवी रजिस्टरं जुळवायचा दिवस. त्यातला अर्धा तास त्यांनी पाठवलेल्या रुग्णांसाठी काढून ठेवला. एकदा एका आशाताईंनी धडधाकट बाळ आणलं होतं, नाक चोंदल्यामुळे घुरघुरत होतं एवढंच. बाकीच्या जणी हसायला लागल्या. डॉक्टरांनी तेच उदाहरण घेतलं आणि नाकाचा आवाज कोणता आणि बरगड्यांखाली पोट आत ओढलं जाणं कोणतं, हे आपल्या मोबाइलवरच्या व्हिडिओत दाखवलं. वर म्हणाले, अशी दहा बाळं उगाच आली तरी मला चालतील. पावसाळा संपता संपता चिठ्ठ्यांची भाषा बदलली. आधी ‘बाळ आजारी आहे, तरी उपचार करावेत’ एवढंच असायचं. आता वजन, श्वास, किती वेळा दूध घेतलं, हे आकडे यायला लागले. यासाठी वेगळं प्रशिक्षण झालं नव्हतं. कुणीतरी वाचतंय एवढं त्यांना कळलं होतं.

तालुक्याच्या दवाखान्यातल्या माणसांना झोडपणं सोपं आहे, आणि ते मला करायचं नाही. रात्री एकच डॉक्टर असतो. त्याच्यासमोर सर्पदंश, अडलेलं बाळंतपण, अपघाताची पोलीस केस आणि सकाळचं शवविच्छेदन असतं. रिक्त पदांची यादी भरलेल्या पदांपेक्षा लांब. अशा माणसाला आणखी एक कागद वाच म्हणणं जड जातं. पण तो कागद त्याचंच काम हलकं करणारा असतो. दहा मिनिटांपूर्वी आलेल्या वीस जणांत आधी कुणाकडे बघायचं, हे त्यावर कुणीतरी डोंगरातून लिहून पाठवलेलं असतं. आणि हेही खरं, की रक्तस्राव थांबत नसेल, बाळ आडवं असेल, तर कितीही हुशार आशा त्याला पुरी पडत नाही. तिथे रक्तपेढी लागते, भूलतज्ज्ञ लागतो. पाड्यातली बाई नेमली की वरचा खर्च वाचला, असा हिशेब करणाऱ्यांपासून गरिबांनी सावध राहिलेलं बरं.

ते डॉक्टर पुढे पदव्युत्तर शिक्षणासाठी गेले. माणूस गेला की पद्धत जाते, हे सरकारी नोकरीत पाहून पाहून मी काही अपेक्षा ठेवली नव्हती. अलीकडे निवृत्तीनंतर एका लग्नाला त्या बाजूला गेले होते, तेव्हा केंद्रातले फार्मासिस्ट भेटले. नव्या डॉक्टरांचं कसं काय, म्हणून विचारलं. म्हणाले, डॉक्टर ठीक आहेत हो, पण या आशांनी वैताग आणलाय. खालचा अर्धा भाग भरून सही दिल्याशिवाय एकही जण उठत नाही, आणि ओपीडीची वेळ संपली तरी मला थांबून राहावं लागतं.