कामापुरता प्रवेश

दिवाळी अंक काढणाऱ्या एखाद्या छोट्या प्रकाशनसंस्थेचा सर्व्हर डोळ्यांसमोर आणा. त्यावर लेखकांचे मजकूर असतात, जाहिरातींचे हिशेब असतात, वर्गणीदारांचे पत्ते आणि फोन नंबर असतात. मुखपृष्ठकाराच्या जड फाइली ईमेलने जात नाहीत, म्हणून त्याला एफटीपीचे एक खाते उघडून दिले जाते. त्याचे काम एकाच फोल्डरचे असते. पण खाते तयार झाले तसेच राहू दिले, तर लिनक्सच्या सर्व्हरवर तो त्या फोल्डरातून एकेक पायरी वर चढत पार मुळापर्यंत जाऊ शकतो. यंत्रावरच्या सगळ्या खात्यांची यादी त्याला वाचता येते, कारण ती फाइल सर्वांना वाचायला खुली ठेवण्याची जुनी रीत आहे. परवानग्या लावताना कुणी हयगय केली असेल, तर वर्गणीदारांचा तक्ताही दिसतो. यातले काहीच त्याला विचारपूर्वक दिलेले नसते. कुणी नाकारले नाही म्हणून ते त्याच्या पदरात पडलेले असते. प्रवेश किती द्यायचा हे माणसावरच्या विश्वासाने ठरवू नये, त्याच्या कामाने ठरवावे, आणि ती हद्द आखण्याचा अधिकार त्याच्याकडे असू नये, असे माझे म्हणणे आहे.

एफटीपीचा पहिला आराखडा एप्रिल १९७१ मध्ये अभय भूषण यांनी मांडला. आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीतून बाहेर पडलेले भूषण तेव्हा अमेरिकेत एमआयटीत होते. त्या काळचे जाळे मोजक्या संशोधनसंस्थांचे होते, आणि एकमेकांना ओळखणाऱ्यांच्या त्या जगात पासवर्ड उघडावाघडा तारेवरून गेला तरी कुणाला त्याची धास्ती वाटत नव्हती. ओळखीवर चालणारी व्यवस्था पुढे पुरणार नाही, हे मात्र लवकरच जाणवू लागले. १९७५ मध्ये जेरोम सॉल्टझर आणि मायकेल श्रोडर यांनी संगणकातील माहितीच्या संरक्षणावर लिहिलेल्या निबंधात एक तत्त्व स्पष्ट केले: प्रत्येक प्रोग्रामला आणि प्रत्येक वापरकर्त्याला काम पुरे करण्याइतकाच अधिकार असावा, त्याहून जास्त नाही. १९७९ च्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत ‘सीएचरूट’ ही सोय आली. तिच्यामुळे एखाद्या प्रक्रियेसाठी ठरावीक फोल्डर हेच सर्व्हरचे मूळ बनते. त्याच्या वर चढायला पायरीच उरत नाही. साध्या परवानग्या फाइलीगणिक लावाव्या लागतात आणि एखादी निसटतेच. इथे बाहेरच्या फाइलींचा मार्गच त्या खात्यापुरता नाहीसा होतो.

यावर पहिला आक्षेप भावनेचा असतो. इतकी वर्षे बरोबर काम केलेल्या माणसाला एका फोल्डरात कोंडायचे, हा त्याचा अपमान नव्हे काय? हा आक्षेप माणूस आणि त्याचे खाते यांना एकच समजतो. माणूस सचोटीचा असला तरी त्याचा पासवर्ड चोरीला जाऊ शकतो, आणि चोराच्या हाती सचोटी लागत नाही, खाते लागते. २०१३ मध्ये अमेरिकेतील टार्गेट या दुकानसाखळीत जी चोरी झाली, तिची सुरुवात शीतयंत्रणेचे काम करणाऱ्या एका कंत्राटदाराच्या चोरलेल्या ओळखीने झाली. कंत्राटदाराच्या हेतूत खोट नव्हती. पण त्याच्यासाठी उघडलेल्या वाटेने आत शिरलेले चोर दुकानांतल्या बिलिंग यंत्रांपर्यंत पोहोचले आणि सुमारे ४ कोटी कार्डांचा तपशील गेला. शिवाय हद्द आखलेली असेल, तर उद्या दुसऱ्या फोल्डरातले काही गहाळ झाल्यावर त्या माणसाकडे बोट दाखवताच येत नाही. अपमान वाटणारी मर्यादा त्याला संशयापासूनही वाचवते.

मात्र मर्यादा घालणे पुरेसे नाही. तिची मालकी कुणाकडे, हा खरा प्रश्न आहे. सर्व्हरशी सुरक्षित संपर्कासाठी वापरल्या जाणाऱ्या ओपनएसएसएच या सॉफ्टवेअरमध्ये २००८ साली खाते एका फोल्डरात बांधण्याची सोय आली ती एका अटीसह: तो फोल्डर आणि त्याच्या वरचा सगळा मार्ग प्रशासकाच्या मालकीचा असावा आणि दुसऱ्या कुणाला त्यात लिहिता येऊ नये. वापरकर्त्याने फाइली टाकायच्या त्या आतल्या उपफोल्डरात. नवख्या प्रशासकाला ही अट जाचक वाटते. तिच्यामागचे कारण २०११ मध्ये फ्रीबीएसडी या युनिक्सवंशी प्रणालीने दिलेल्या सुरक्षा-इशाऱ्यात दिसते. वापरकर्त्याला स्वतःच्या ‘मुळा’त लिहिता येत असेल, तर तो तिथे बनावट सेटिंग आणि बनावट लायब्ररी ठेवू शकत होता; एफटीपी सेवा ती खरी मानून उचलत असे आणि प्रशासकाचे सर्वाधिकार त्याच्या हाती जात. त्याच सुमारास व्हीएसएफटीपीडी या लोकप्रिय सर्व्हरनेही लिहिता येणाऱ्या मुळात खाते बांधायला नकार देणे सुरू केले. ज्याच्यावर मर्यादा आहे त्यालाच ती हलवता आली, तर ती नावापुरतीच उरते.

जाणकारांचा आक्षेप जास्त वजनदार आहे: सीएचरूट ही मुळात सुरक्षेची भिंत नाही, सर्वाधिकार असलेली प्रक्रिया तिच्यातून निसटू शकते. हे खरे आहे. २००० साली फ्रीबीएसडीने ‘जेल’ ही अधिक पक्की रचना आणली ती याच उणिवांमुळे. पण यातून निघतो तो निष्कर्ष एवढाच की ही हद्द एकटी ठेवू नये. खात्याला फक्त फाइली पाठवण्याची मुभा द्यावी, आज्ञा चालवण्याची नको. आणि जुन्या एफटीपीऐवजी एसएफटीपी वापरावे, म्हणजे पासवर्ड वाटेत कुणाला वाचता येणार नाही. गैरसोय होते, ही तक्रारही खोटी नाही. बाहेरच्या फोल्डरकडे नेणारी जोडणी आतून चालत नाही आणि हवा असलेला जास्तीचा प्रत्येक फोल्डर प्रशासकाकडे मागावा लागतो. परंतु त्या मागणीमुळेच वाढीव प्रवेश हा कुणीतरी जाणीवपूर्वक घेतलेला निर्णय ठरतो, आणि त्याचा जाब विचारता येतो.

आता हा प्रश्न केवळ तंत्रज्ञांचा राहिलेला नाही. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात लोकांची माहिती बाळगणाऱ्याने वाजवी सुरक्षा-उपाय करावेत असे बंधन आहे, आणि त्यात कसूर झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. तेव्हा ज्यांच्या हाती एखादा सर्व्हर आहे त्यांनी खात्यांची यादी एकदा समोर घ्यावी, प्रत्येक नावापुढे त्याचे काम लिहावे, त्या कामापुरताच फोल्डर ठेवावा, आणि ज्याचे काम संपले आहे त्याचे खाते बंद करावे.