उशिरा आलेले मूल



शाळा पुन्हा सुरू झाल्या आहेत. रेनकोट, छत्र्या, नव्या वह्यांना घातलेली कव्हरे आणि सकाळी सातच्या आधीच रिक्षांची पळापळ. आपल्या धर्मग्रामात शाळेच्या माणसांना तोटा नाही. शिक्षक, शिक्षिका, कारकून, शिपाई यांपैकी भाऊबंदात एकही कोणी नाही, असे घर वसईत शोधावेच लागेल. म्हणून आज एक प्रश्न त्यांच्यापुढे आणि त्यांच्याबरोबर आपल्या सर्वांपुढे ठेवीत आहोत. फाटक बंद झाल्यावर जे मूल धापा टाकत येते, त्याचे काय करायचे?

प्रश्न क्षुल्लक वाटेल. परंतु नोव्हेंबर २०२५ मध्ये आपल्याच वसईत सहावीतल्या एका मुलीला उशिरा आली म्हणून शंभर उठाबशा काढायला लावल्याची बातमी आपण सर्वांनी वाचली. आठवड्याभरात ती मुलगी गेली. त्या शिक्षेचा आणि मृत्यूचा संबंध काय, हे न्यायालय ठरवील. आम्ही त्यात पडत नाही. कायदा तर केव्हाचा स्पष्ट आहे. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या १७व्या कलमाने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोहोंना बंदी आहे. पण कायदा शिक्षकाचा हात धरतो. फाटकाशी उभ्या असलेल्या मुलाकडे कसे पाहावे, हे तो सांगत नाही. तो प्रश्न आपल्याकडेच उरतो.

यावर शिक्षक मंडळी म्हणतील, "फादर, वर्गात साठ मुले असतात. आज एकाला सोडले की उद्या दहा जण उशिरा येतील. नियम सर्वांना सारखा." हे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. नियम सारखा ठेवणे हाही मुलांचा मान राखण्याचाच एक प्रकार आहे. लाडक्याला सूट आणि नावडत्याला छडी, असला अन्याय मुले जन्मभर विसरत नाहीत. तेव्हा दया मोठी की शिस्त मोठी, असा वाद आम्हाला घालायचा नाही. आमच्या मते अडचण त्याच्याही आधीची आहे. मूल उशिरा आले एवढे आपल्याला दिसते, ते का आले हे आपल्याला ठाऊक नसते, आणि तरीही ते ठाऊक आहे अशा थाटात आपण बोलतो. "आळशी आहेस!" "घरच्यांना पर्वा नाही!"

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्हाला एडिथ स्टाइन भेटल्या. ज्यू घराण्यात जन्मलेल्या या विदुषीने १९१६ साली हुसेर्ल या तत्त्ववेत्त्याच्या मार्गदर्शनाखाली डॉक्टरेट मिळविली. प्रबंधाचा विषय होता, दुसऱ्याच्या मनातले आपल्याला कळते म्हणजे नेमके काय होते? पुढे त्यांनी बाप्तिस्मा घेतला, जर्मनीतील श्पायर येथे डोमिनिकन भगिनींच्या शाळेत आठ वर्षे शिकविले, मग कार्मेल मठात प्रवेश केला आणि १९४२ साली आउश्वित्झच्या छळछावणीत नाझींनी त्यांना ठार केले. आपला वसई धर्मप्रांत स्थापन झाला त्याच वर्षी, १९९८ साली, पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्यांना संतपद बहाल केले.

त्यांचे म्हणणे आमच्या शब्दांत सांगायचे तर असे. दुसऱ्याचे दुःख आपल्याला खरोखर कळू शकते, पण ते कधीही आपले होत नाही. ते त्याचेच राहते. म्हणून "मी त्याच्या जागी असतो तर" हा आपला आवडता उपाय तितकासा भरवशाचा नाही. आपण त्याच्या जागी उभे राहतो खरे, पण जाताना आपले घर, आपली झोप, आपला नळ, आपली आई हे सारे बरोबर घेऊन जातो! मग म्हणतो, "मी असतो तर पहाटे पाचला उठलो असतो." हल्ली 'समानुभूती' असा एक शब्द रूढ होतो आहे. शब्द चांगला आहे, पण आमची त्याबद्दल एक तक्रार आहे. अनुभव समान नसतो, ही तर सगळ्यात पहिली शिकण्याची गोष्ट!

नालासोपारा पूर्वेकडचा एखादा मुलगा घ्या. आई पहाटेच्या लोकलने मुंबईला घरकामाला जाते, वडील रात्रपाळी करून गाळ्यातून आठला परततात. पाणी अवेळी येते. ते भरायचे, धाकट्या भावाला शेजारी सोडायचे आणि मग शेअर रिक्षाच्या रांगेत उभे राहायचे. किंवा अग्रवाल नगरीतील त्या ४१ अनधिकृत इमारती आठवा. उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार २०२४च्या अखेरीस त्या पाडायला सुरुवात झाली आणि २०२५च्या सुरुवातीला, वार्षिक परीक्षा तोंडावर असताना, उरलेल्याही जमीनदोस्त झाल्या. इमारती बेकायदा होत्या, हे खरेच. पण त्यात राहणाऱ्या मुलांनी त्या बांधल्या नव्हत्या. कुटुंबे मिळेल तिथे पांगली. शाळा तीच राहिली, घर मात्र लांब गेले. अशा मुलाच्या डायरीत 'लेट' एवढाच शेरा पडला, तर तो खोटा नाही. पण त्यातून कळले काय?

मत्तयच्या शुभवर्तमानातील द्राक्षमळ्याचा दाखला आपण दर तीन वर्षांनी मिस्सामध्ये ऐकतो आणि बहुतेक वेळा मजुरीवरच वाद घालतो. त्यातली एक बारीकशी गोष्ट निसटते. दिवस मावळायला आला असताना चौकात उभे असलेले लोक पाहून धन्याने त्यांना आळशी ठरविले नाही. त्याने आधी विचारले. उत्तर मिळाले की, आम्हाला कोणी कामाला लावलेच नाही. धन्याचे औदार्य नंतरचे, चौकशी आधीची.

असे विचारणाऱ्या दोन बाया आपल्याच जिल्ह्यात होऊन गेल्या. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत काम सुरू केले आणि पुढे डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर ते वाढविले. आदिवासी मुले शाळेत येत नव्हती. त्यांना शिक्षणाची आवड नाही, असे म्हणून मोकळे होणे सोपे होते आणि तसे म्हणणारे पुष्कळ होते. या दोघींनी कारण शोधले. मुले गुरे राखायला जातात, मुलींच्या कडेवर धाकटी भावंडे असतात. मग मुलांवर चिडण्याऐवजी त्यांनी शाळाच बदलली. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली, म्हणजे मोठ्या बहिणीला भावंड सांभाळता सांभाळता शिकता येईल. आणि जी मुले गुरांमागे गेली, त्यांच्यामागे शिक्षक कुरणात गेला. तिचे नावच पडले कुरणशाळा! यात शिस्त कुठे सैल झाली? मुलांना अक्षरे गिरवावीच लागली. फक्त ती कुठे आणि केव्हा गिरवायची, हे मुलांचा दिवस पाहून ठरविले गेले.

मात्र हे लिहिताना आम्हाला शिक्षकांवर आणखी एक ओझे टाकायचे नाही. मूल कळायला वेळ लागतो, आणि तो वेळ त्यांच्याजवळ ठेवला आहे कोणी? ऑफ तासाला बदली तास लागतो. निवडणूक आणि जनगणनेचे काम कायद्यानेच त्यांच्या माथी आहे. पोषण आहाराच्या तांदळाचा हिशेब, ऑनलाइन माहिती, आणि आधार! हा आधारचा प्रकार शाळेबाहेरच्यांना ठाऊक नसतो. संचमान्यतेत, म्हणजे शाळेला किती शिक्षक मंजूर करायचे हे ठरविताना, आधार जुळलेलेच विद्यार्थी धरले जातात. ज्या मुलाच्या नावात किंवा जन्मतारखेत घोळ आहे ते बाकावर बसलेले असूनही मोजणीत नसते. संख्या घटली की कोणीतरी शिक्षक 'अतिरिक्त' ठरतो. असे घोळ बहुधा कोणाच्या कागदांत असतात? भाड्याने राहणाऱ्यांच्या, गावाहून आलेल्यांच्या, घर पडलेल्यांच्या. म्हणजे ज्या मुलाला समजून घ्यायचे, तेच शिक्षकाच्या नोकरीला धोका म्हणून समोर उभे राहते. अशा वेळी चिडलेल्या शिक्षकाला 'निर्दयी' म्हणणे, हेही न विचारता निकाल देणेच झाले.

तेव्हा पालक आणि व्यवस्थापन यांनीही विचारायला शिकले पाहिजे. बाई आज वर्गात का ओरडल्या? कारकुनाच्या खिडकीवर शब्दाला शब्द का वाढला? विनाअनुदानित तुकडीवरच्या सरांना पगार वेळेवर मिळाला का? मस्टरवर लाल खूण करण्याआधी त्यांची लोकल कुठे अडकली होती?

आणि एक सावधगिरी. विचारायचे म्हणजे चारचौघांत उलटतपासणी नव्हे. फी थकलेल्या मुलांची नावे वर्गात वाचणे, वह्यावाटपाच्या वेळी गरजूंना रांगेत उभे करून फोटो काढणे, हे प्रकार आपल्या समाजातही होतात. ते बंद झाले पाहिजेत. मदत घेणाऱ्यालाही घराची झाकली मूठ ठेवण्याचा हक्क आहे. कित्येकदा एकट्याला बाजूला घेऊन "काही खाल्लेस का?" एवढे विचारले तरी बाकीचे मूल स्वतःच सांगते. नाही सांगितले, तर तोही त्याचा अधिकार.

शाळेत हे सर्वांत आधी कळते ते बहुधा शिपाईमामांना आणि मावशींना. कोण रिकामा डबा उघडझाप करतो, कोणाची आई तीन दिवसांत फाटकाशी दिसली नाही, कोणाला घ्यायला आता शेजारीण येते, हे त्यांना ठाऊक असते. पण शिक्षकांच्या सभेत त्यांचे काम चहा आणून देण्याचे. आमची सूचना आहे की, या महिन्यात शिक्षक-पालक संघाची पहिली सभा भरेल तेव्हा मावशींसाठीही एक खुर्ची मांडावी, चहा दुसऱ्या कोणीतरी आणावा, आणि उशिरा येणाऱ्या मुलांविषयी त्यांना काय ठाऊक आहे ते विचारावे.