रुग्णाच्या वेदनेतून शिकावे का?



भूगावहून चांदणी चौकात उतरून महामार्गाने वारज्याकडे गेले की सिप्लाचे पॅलिएटिव्ह केअर केंद्र लागते. १९९७ सालापासून तेथे कॅन्सरच्या रुग्णांची विनामूल्य सेवा केली जाते. आजार बरा करणे नेहमीच माणसाच्या हाती नसते, पण वेदना कमी करणे पुष्कळदा असते. या सेवेला वेगळे कौशल्य लागते. ते नुसत्या वर्षांच्या अनुभवाने येते का?

अमेरिकन विचारवंत डोनाल्ड शॉन यांनी १९८३ साली मांडले की जाणता माणूस काम करताना आणि केल्यावरही त्यावर विचार करतो. ग्रॅहम गिब्ज यांनी १९८८ साली अशा चिंतनाच्या सहा पायऱ्या सांगितल्या: काय घडले, मला काय वाटले, बरे-वाईट काय झाले, असे का झाले, आणखी काय करता आले असते आणि पुढच्या वेळी मी काय करीन. नर्सिंगच्या शिक्षणात त्या आजही वापरतात.

समजा, एखाद्या रुग्णालयात जखमेचे ड्रेसिंग करताना रुग्णाने दात आवळले. औषध वेळेवर दिलेले, तक्त्यावर सही झालेली. तरी ड्यूटी संपल्यावर सिस्टर वहीत लिहिते, 'असे का झाले?' मग ध्यानात येते की औषधाची वेळ घड्याळाप्रमाणे पाळली, पण ड्रेसिंगशी जुळवली नाही. पोटात घेतलेल्या मॉर्फिनचा गुण यायला साधारण अर्धा तास लागतो. ती डॉक्टरांशी बोलते आणि दुसऱ्या दिवशी डोस ड्रेसिंगच्या अर्धा तास आधी दिला जातो.

पण एकाच्या वेदनेतून दुसऱ्याने शिकावे, हे योग्य आहे का? रुग्ण हा कोणाच्या अभ्यासाचा धडा नाही. म्हणून वहीत त्याचे नाव नसावे आणि शिकलेल्याचा लाभ शक्यतो आधी त्यालाच मिळावा. मात्र काहीच न शिकणे हा मोठा अन्याय आहे. त्याने सोसलेले वाया जाते आणि उद्याचा रुग्ण तेच पुन्हा सोसतो.

वरिष्ठांनी हीच वही दोष काढायला वापरली, तर कोणी खरे लिहिणार नाही. सिस्टरांना लिहायला निर्भय वातावरण आणि कामाच्या वेळेतली दहा मिनिटे मिळाली पाहिजेत.

रात्रीचे आत्मपरीक्षण आपल्याला नवे नाही. ज्यांच्या घरी आजारी आईवडील आहेत, त्यांनी त्यात एक प्रश्न वाढवावा: आज त्यांना कूस बदलताना कुठे दुखले, आणि उद्या मी काय वेगळे करीन?