पेंग्विनांच्या बेटावर राखण कोणी करावी?

क्लब पेंग्विन हे मुलांचे ऑनलाइन आभासी जग २४ ऑक्टोबर २००५ रोजी सुरू झाले. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील केलोना या शहरात लान्स प्रीब, लेन मेरीफील्ड आणि डेव्ह क्रिस्को या तिघांनी ते उभारले. मुलांना निर्धास्तपणे सोडता येईल अशी एक जागा इंटरनेटवर असावी, हा त्यामागचा हेतू. सहा ते चौदा वयाचे मूल इथे रंगीत पेंग्विन होऊन बर्फाळ बेटावर हिंडे, बर्फाचे गोळे फेकी, छोटे खेळ खेळून नाणी कमवी, इग्लू सजवी, ‘पफल’ नावाचा गुबगुबीत प्राणी पाळी आणि भेटेल त्या पेंग्विनशी गप्पा मारी. ऑगस्ट २००७ मध्ये डिस्ने कंपनीने हे जग ३५ कोटी डॉलरना विकत घेतले. २०१३ पर्यंत खात्यांची संख्या २० कोटींवर गेली होती. मार्च २०१७ च्या अखेरीस ते बंद झाले.

या जगातला सर्वांत नाजूक भाग म्हणजे गप्पा. पेंग्विनच्या डोक्यावरच्या फुग्यात उमटलेले वाक्य किती वयाच्या माणसाने लिहिले, हे समोरच्या मुलाला कळायला काही मार्ग नसतो. म्हणून पालकांपुढे दोन पर्याय ठेवलेले असत. एकात मूल स्वतः टाइप करी, पण त्याचे वाक्य गाळणीतून जाई. दुसऱ्यात टाइप करणे बंदच; तयार वाक्यांच्या यादीतून हवे ते निवडायचे. नियम मोडणाऱ्यावर काही काळाची किंवा कायमची बंदी येई. यंत्राच्या गाळणीखेरीज पगारी मॉडरेटरही लक्ष ठेवून असत.

पेच इथेच आहे. मूल सुरक्षित राहायचे तर त्याचे बोलणे कोणीतरी वाचले पाहिजे. आणि ज्याचे सगळे बोलणे कोणीतरी वाचते, त्याला आपली म्हणावी अशी जागा उरत नाही. या पेचाच्या दोन बाजू मांडण्यासाठी दोन माणसे कल्पिली आहेत. एक, प्राथमिक शाळेत आयुष्य घालवलेल्या बाई. दुसरा, त्यांचाच जुना विद्यार्थी, जो आता चॅटच्या गाळण्या बनवण्याचे काम करतो.

अभियंता सुरुवातीलाच आपली बाजू ठाम मांडतो. “बाई, शाळेच्या मैदानावर कोण आले, कोण कोणाला घेऊन कोपऱ्यात गेले, हे तुम्हाला व्हरांड्यातून दिसायचे. इथे चेहरा नाही, आवाज नाही, वय नाही. हाताशी फक्त शब्द आहेत. तेही वाचायचे नाहीत म्हटले, तर मूल अनोळखी माणसाच्या हवाली केल्यासारखे होईल.”

त्याच्यापाशी उदाहरणही आहे. फिनलंडमध्ये २००० साली सुरू झालेल्या ‘हॅबो हॉटेल’ या किशोरवयीनांच्या आभासी जगाची जून २०१२ मध्ये ब्रिटनच्या चॅनेल फोर न्यूजने पाहणी केली. अकरा वर्षांची मुलगी म्हणून आत शिरलेल्या प्रतिनिधीला उघड लैंगिक बोलणे ऐकावे लागले. बातमी बाहेर आल्यावर गुंतवणूकदारांनी हात काढून घेतले आणि कंपनीने सगळ्यांचेच चॅट बंद केले. राखण वेळेवर झाली नाही की शेवटी सरसकट सगळ्यांच्या तोंडाला कुलूप लागते, हा अभियंत्याचा निष्कर्ष आहे आणि तो खोडता येत नाही.

बाई तो खोडतही नाहीत. त्या एका फरकाकडे बोट दाखवतात. “अरे, मैदानावर मी पाहत होते, ऐकत नव्हते. मधल्या सुटीत दोन मुली झाडाखाली काय बोलतात ते मला कधी कळले नाही, आणि कळायलाही नको होते. मारामारी झाली तर दिसायची. कोणी रडत आले तर मी जवळ घ्यायचे. तू मात्र पाहण्याच्या नावाखाली ऐकतोस, आणि ऐकलेले साठवूनही ठेवतोस.”

हा फरक महत्त्वाचा आहे. मोठ्यांच्या कानाआड मुले एकमेकांशी भांडतात, मिटवतात, गुपिते ठेवतात, अफवा रचतात, आणि त्यातूनच माणसांत वागायला शिकतात. क्लब पेंग्विनमध्ये एक हिमनग होता. पुरेसे पेंग्विन एका कडेला उभे राहून नाचले तर तो उलटतो, अशी मुलांमध्ये वदंता होती. तसे करायला कोणी सांगितले नव्हते, त्याला बक्षीसही नव्हते. तरी वर्षानुवर्षे अनोळखी मुले तिथे जमत, एकमेकांना बोलावीत, एका बाजूला गर्दी करीत. अखेर २०१७ मध्ये, खेळ बंद होण्याच्या सुमारास, निर्मात्यांनी तो खरोखरच उलटू दिला. इतक्या मुलांना एकत्र आणणारी ती वदंता एका मुलाने दुसऱ्याला सांगतच पसरली होती.

“पण बाई, इथे पाहणे आणि ऐकणे वेगळे करताच येत नाही,” असे अभियंता म्हणतो आणि डिस्नेच्याच ‘टूनटाउन’ची हकिगत सांगतो. २००३ मध्ये सुरू झालेल्या त्या खेळात अनोळखी मुलांना केवळ तयार वाक्ये वापरता येत. मोकळे टाइप करायचे तर दोघांनी एक गुप्त संकेत एकमेकांना द्यायचा, तोही खेळाबाहेर, म्हणजे प्रत्यक्ष ओळख असेल तरच. पुढे खेळाडूंना घरे आणि सामान मिळाले. मग मुले नव्या मित्राला घरी बोलावू लागली. भिंतीवरच्या चित्रांच्या चौकटी सरकवून त्यांचे एक अक्षर बनवायचे, समोरच्याने तयार वाक्यांतले ‘ठीक’ निवडून कळल्याचे सांगायचे, मग चौकटी हलवून पुढचे अक्षर. असा सगळा संकेत पोहोचवायचा. घर सजवण्यासाठी दिलेल्या वस्तूंची मुलांनी लिपी केली.

या हकिगतीचा अर्थ दोघे वेगवेगळा लावतात. अभियंत्याला तिच्यात भोक दिसते: ज्या वाटेने मैत्रीसाठी आसुसलेले मूल जाते, त्याच वाटेने वाईट हेतूचा माणूसही जाणार. बाईंना तिच्यात मुलाची भूक दिसते. एवढा खटाटोप करून त्याला कोणाशी तरी मोकळेपणाने बोलायचे आहे, आणि ती गरज भागवायला या जगात जागाच नाही. दोन्ही अर्थ बरोबर आहेत. पेच खरा आहे तो यामुळेच. गाळणी घट्ट केल्याने भूक मरत नाही, ती आडवाटेला लागते, आणि आडवाटेवर राखणदार नसतो.

गाळणीची आणखी एक मर्यादा सहसा कोणी बोलून दाखवत नाही. संमत शब्दांची यादी केली की यादीबाहेरची भाषा मुकी होते. क्लब पेंग्विन इंग्रजीसह मोजक्या भाषांत चालत असे. त्यांत मराठी नव्हती. अशा जगात रोमन लिपीत मराठी टाइप करणाऱ्या मुलाने काही गैर लिहिले नसले, तरी त्याचे वाक्य गाळणीला ओळखू येत नाही.

बाईंचा सर्वांत कडक आक्षेप मात्र वेगळ्याच गोष्टीवर आहे. क्लब पेंग्विनमध्ये तीस दिवस जुना पेंग्विन परीक्षा देऊन ‘गुप्त हेर’ होऊ शकत असे. हेरांना कोडी सोडवण्याच्या मोहिमा मिळत, त्यांच्यासाठी खास खोली असे. आणि नियम मोडणाऱ्या खेळाडूंची तक्रार करणे हेही सुरुवातीच्या काळात हेराचे काम मानले जाई.

“वर्गात मीसुद्धा मॉनिटर नेमायचे,” बाई म्हणतात. “पण कोण मॉनिटर आहे हे सगळ्या वर्गाला माहीत असायचे. लपून नाव लिहिणारा मॉनिटर मी कधी नेमला नाही. नऊ वर्षांच्या मुलाला हेर म्हणून मानाची खोली द्यायची आणि सोबत्यांवर नजर ठेवायला सांगायचे, हे त्याला सुरक्षित ठेवणे नव्हे. आपले काम त्याच्या गळ्यात मारणे आहे.”

अभियंता बचाव करतो. मुलांची संख्या अफाट, मॉडरेटर मर्यादित. आणि वाईट अनुभव सर्वांत आधी मुलालाच येतो, तेव्हा तक्रारीचे बटण त्याच्याच हाती हवे. यातला दुसरा भाग बाई लगेच मान्य करतात. स्वतःला त्रास झाला म्हणून मदत मागणे आणि हुद्दा मिळाला म्हणून इतरांचे बोलणे तपासत फिरणे, या दोन गोष्टी एकाच बटणाने होत असल्या तरी मुलाला त्या सारख्या घडवत नाहीत. पहिलीतून मोठ्यांवरचा विश्वास वाढतो, दुसरीतून सोबत्यांवरचा कमी होतो. इथे बाईंचे पारडे निःसंशय जड आहे.

मग उरतो राखणदाराच्या पगाराचा प्रश्न. क्लब पेंग्विनवर बाहेरच्या जाहिराती नव्हत्या. ही त्याची मोठी जमेची बाजू. खर्च निघे तो मासिक वर्गणीतून. खाते फुकट मिळे, पण कपडे, इग्लूचे सामान यांतले बहुतेक काही घ्यायचे तर वर्गणी भरावी लागे. म्हणजे खेळून नाणी दोघांनीही जमवायची आणि खर्च मात्र वर्गणी भरणाऱ्याच्या मुलाने करायची. ज्या मुलाच्या घरून पैसे आले नाहीत त्याचे इग्लू ओकेबोके राही आणि ते इतरांना दिसे. त्या मुलाचे हे ओशाळलेपण वर्गणी वाढवायला उपयोगी पडत असे आणि त्याच वर्गणीतून सगळ्यांच्या सुरक्षिततेचा खर्च भागे. बाईंना हे सलते. अभियंता विचारतो, “मग पैसे आणायचे कुठून? जाहिराती घेतल्या तर मुलांची माहिती विकली जाईल.” यावर बाईंपाशी पुरते उत्तर नाही. राखण फुकट होत नाही आणि तिची किंमत मुलांमुलांत भेद करून वसूल होऊ नये, एवढेच त्या धरून ठेवतात.

किंमत कोणीच मोजली नाही तर काय होते, हे मूळ खेळ बंद पडल्यावर दिसले. चाहत्यांनी परवानगीशिवाय त्याच्या नकला चालवल्या. त्यांतल्या ‘क्लब पेंग्विन ऑनलाइन’वर वंशद्वेषी आणि लैंगिक संदेश खुलेआम फिरत असल्याचे मे २०२० मध्ये बीबीसीने दाखवले आणि डिस्नेने कायदेशीर नोटीस बजावून ती नक्कल बंद पाडली. बेट, रंग, पेंग्विन सगळे तेच. जबाबदार राखणदार तेवढा नव्हता. राखण अजिबात नको असे म्हणायची सोय या घटनेनंतर बाईंनाही राहत नाही.

त्यामुळे दोघे बरेच जवळ येतात. अनोळखी मुलांमधले बोलणे वाचले जावे, पण ते पगारी आणि उत्तरदायी प्रौढांनी वाचावे. आपले बोलणे वाचले जाते हे मुलाला समजेल अशा शब्दांत आधी सांगितलेले असावे. वाक्य अडवले तर ते अडवल्याचे त्याला दिसावे. एका वर्गातल्या दोन मुलांची ओळख दोन्हीकडच्या पालकांनी पटवली, तर त्यांच्या गप्पा मात्र कोणी वाचू नयेत.

या शेवटच्या कलमावर अभियंता अडतो. “ज्याला फसवले जाते तो तक्रार करत नाही, बाई. त्याला तो माणूस मित्रच वाटत असतो. आणि ओळखीचाच कोणी असला तर?” म्हणून गप्पांची नोंद राहावी, पण ती तक्रार किंवा ठोस संशय असल्याशिवाय उघडू नये, असा तोडगा तो सुचवतो. बाई तो स्वीकारतात आणि आपली अट घालतात: नोंद ठरावीक मुदतीनंतर पुसली जावी, आणि ती मुदत मुलाला माहीत असावी. पुसण्याला अभियंता राजी आहे. मुदत सांगण्याला नाही, कारण मुलाला सांगितलेली मुदत त्याला फसवणाऱ्यालाही कळते. बाईंच्या मते, आपले बोलणे किती दिवस कोणाच्या हाती राहते हे ज्या मुलापासून लपवावे लागते, त्याने त्या जागेवर भरवसा ठेवावा अशी अपेक्षा करण्याचा अधिकार मोठ्यांना नाही. या एका मुद्द्यावर दोघांचे एकमत होत नाही.