माद्रिदची एकादशी

माद्रिदला लेकीकडे तीन महिने राहायला गेलो, तेव्हा माझ्या बॅगेत तीन मौल्यवान वस्तू होत्या : स्वेटर, मेतकूट आणि रक्ततपासणीचा रिपोर्ट. पहिल्या दोन मी बाहेर काढल्या, तिसरी लेकीनं काढली. कोलेस्टेरॉलचा आकडा वाचून तिनं एकदा माझ्याकडे आणि एकदा तेलाच्या बाटलीकडे असं काही पाहिलं, की आम्हा दोघांचं जुनं लफडंच उघडकीला आलं असावं!

आता स्पेनमध्ये जाऊन तापास न खाणं म्हणजे पंढरपूरला जाऊन नुसतं एस.टी. स्टँड बघून परतणं. 'तापा' म्हणजे झाकण. पेल्यात माशी पडू नये म्हणून वर पावाचा तुकडा ठेवीत, त्यावरून हे नाव पडलं अशी एक दंतकथा आहे. खरंखोटं ती माशीच जाणे! हल्ली पेल्याबरोबर खायच्या चिमुकल्या पदार्थांना तापास म्हणतात.

"बाबा, तापास मी घरीच करते. कमी तेलाचे," लेकीनं जाहीर केलं.

तोर्तिया म्हणजे बटाट्याचं जाडजूड आम्लेट. बटाट्याच्या चकत्या ऑलिव्हच्या तेलात बुडवून मंद आचेवर शिजवायच्या, निथळायच्या आणि फेटलेल्या अंड्यात घालायच्या. लेकीनं चकत्या उकडल्या आणि तव्याला तेलाचं नुसतं बोट लावलं. तळायच्या क्रोकेता ओव्हनमध्ये भाजल्या. आलिओलीत तेलाच्या जागी दही आलं. आता 'आलिओली' या कातालान शब्दाचा अर्थच मुळी 'लसूण आणि तेल'! मी म्हटलं, "अगं, ही आलिओली कसली? ही तर आलिकोरडी!"

"एका मोठ्या चमचाभर तेलात 120 कॅलरी असतात, बाबा. ऑलिव्हचं झालं तरी."

यावर काय बोलणार? मुकाट्यानं जेवलो. पण मनाला एक प्रश्न चिकटला. पदार्थातलं तेल काढलं आणि नाव तेवढं ठेवलं, तर ते पथ्य की थाप?

दुसऱ्या दिवशी सकाळी 'फिरायला' गेलो आणि पाय आपोआप कोपऱ्यावरच्या बारमध्ये वळले. द्राक्षाच्या रसाचा पेला घेतला आणि अस्सल तोर्तियाचा एक तुकडा उभ्या उभ्या खाल्ला. घरी आल्यावर लेकीला म्हणालो, "छान हवा होती."

संध्याकाळी कोट झटकताना खिशातून कागदी रुमाल पडला. त्या बारमधल्या रुमालांवर 'भेटीबद्दल आभार' असं छापलेलं असतं. स्पॅनिश माणसाचं हे सौजन्य असं अंगाशी येईल, असं वाटलं नव्हतं.

लेक चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं. हळूच म्हणाली, "आईच्या वेळी कुणी काही मोजलं नाही, बाबा. म्हणून मी मोजते."

जरा वेळानं मीच म्हणालो, "तिथे एकच तुकडा खाल्ला गं."

"आणि काल घरी?"

मी आठवून पाहिलं. चार तुकडे तोर्तिया, सहा क्रोकेता, आणि वाटीभर ती कोरडी. कमी तेलाचं आहे म्हटल्यावर हात आवरायचा कशाला? एकादशी अन् दुप्पट खाशी! तेल कढईतून गेलं होतं, पण हाव ताटात पुन्हा वाढून घेतली होती. पथ्य कढईनं करायचं आणि पुण्य मी घ्यायचं, असा हा व्यवहार. त्या बारवाल्याचा पदार्थ तेलकट खरा, पण बशी तळहाताएवढी. ते शहाणपण आम्ही घरी आणलंच नव्हतं. नुसतं नाव आणलं.

थाप लेकीनं मारली नव्हती. मी मारली होती. तिला एक आणि स्वतःला एक.

हल्ली रविवारी घरी खरी तोर्तिया होते. दोघांत एक तुकडा. सुरी लेकीच्या हातात असते आणि लहान अर्धा कोणता, याबद्दल आमचे अजून मतभेद आहेत.